संशोधकांचे प्रश्न : पोस्टडॉकची जागा शोधताना

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पीएचडीनंतरच्या संशोधनपदांविषयी, म्हणजे रूढ शब्दांत पोस्टडॉकविषयी, आहेत. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तर देत आहे. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांची असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : रसायनशास्त्रातील माझा प्रबंध येत्या जूनमध्ये सादर होईल. पुढे युरोपमध्ये पोस्टडॉक करण्याची इच्छा आहे. आजवर पन्नासहून अधिक प्राध्यापकांना ईमेल पाठवले. दोघांनी जागा नसल्याचे कळवले, बाकीच्यांकडून उत्तरच आले नाही. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरील जाहिराती रोज पाहते. ईमेलची एक प्रत सोबत जोडली आहे. कुठे कमी पडते आहे, ते कृपया सांगावे.
— संशोधक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : तुमचा ईमेल लक्षपूर्वक वाचला. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन यांपासून मिथेनॉल तयार करताना तांबे आणि झिंक ऑक्साइड यांचा उत्प्रेरक हळूहळू निकामी का होतो, हा तुमच्या प्रबंधाचा विषय आहे. या अभिक्रियेत मिथेनॉलबरोबर पाणीही तयार होते आणि त्या पाण्यामुळे तांब्याचे अतिसूक्ष्म कण एकत्र येऊन मोठे होत जातात, हे या क्षेत्रातल्या सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही उत्प्रेरकाच्या घडणीत बदल करून ही वाढ मंदावली, आणि अभिक्रिया चालू असतानाच अवरक्त वर्णपटाच्या साहाय्याने पृष्ठभागावर काय घडते ते टिपले. हे काम चांगले आहे. परंतु ईमेलमध्ये ते तिसऱ्या परिच्छेदाच्या शेवटी, बारावीच्या टक्केवारीनंतर आणि 'आपल्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेत काम करणे हे माझे स्वप्न आहे' या वाक्यानंतर येते. दिवसाला असे कित्येक ईमेल येणारा प्राध्यापक तिसऱ्या परिच्छेदापर्यंत पोहोचतच नाही.

ईमेलची सुरुवातच कामापासून करा. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही काय शोधले ते सांगा. तिसऱ्या वाक्यात त्या प्राध्यापकांच्या एका विशिष्ट शोधनिबंधाचा उल्लेख करून त्यातील कोणता प्रश्न तुम्हाला पुढे न्यायचा आहे ते लिहा. चौथ्या वाक्यात प्रबंध केव्हा सादर होईल, केव्हापासून येता येईल आणि कोणत्या फेलोशिपसाठी त्यांच्यासोबत अर्ज करण्याची तयारी आहे, हे स्पष्ट करा. विषयाच्या ओळीत 'पोस्टडॉकसाठी अर्ज' असे न लिहिता उत्प्रेरकाचे आणि तंत्राचे नाव घाला. दोन पानांचा परिचय जोडा, गुणपत्रिका जोडू नका. असा एक ईमेल तयार करायला दोन-तीन दिवस लागतात, कारण त्याआधी समोरच्याचे अलीकडचे तीन-चार निबंध खरोखर वाचावे लागतात. म्हणूनच पन्नास जणांना एकच मजकूर पाठवण्यापेक्षा आठ-दहा जणांना नीट लिहिणे अधिक उपयोगाचे ठरते. दोन आठवड्यांत उत्तर आले नाही, तर एकदा नम्रपणे आठवण करून देण्यात काहीच गैर नाही.

आता पैशाविषयी. हा विषय आपल्याकडे संकोचाने बोलला जातो, पण जागा निघते की नाही हे त्यावरच ठरते. पोस्टडॉकचा पगार दोनच ठिकाणांहून येतो : प्राध्यापकाला मिळालेल्या प्रकल्पनिधीतून, किंवा तुम्ही स्वतःच्या नावावर मिळवलेल्या फेलोशिपमधून. प्रकल्पनिधी कोणाकडे आहे हे गुपित नसते. शोधनिबंधाच्या शेवटी आभार मानताना निधी देणाऱ्या संस्थेचे नाव आणि प्रकल्पाचा क्रमांक दिलेला असतो. युरोपीय महासंघाचे प्रकल्प 'कॉर्डिस' या माहितीकोशात, जर्मन संशोधन संस्थेचे म्हणजे डीएफजीचे 'गेप्रिस'मध्ये आणि अमेरिकेतील आरोग्यसंशोधनाचे 'एनआयएच रिपोर्टर'मध्ये नाव आणि मुदतीसह कोणालाही पाहता येतात. ज्याचा प्रकल्प पुढच्या वर्षी संपणार आहे, त्याच्याकडे तुमच्यासाठी जागा असण्याची शक्यता कमी. ज्याचा प्रकल्प नुकताच मंजूर झाला आहे, त्याला माणसे हवी असतात. युरोपियन रिसर्च कौन्सिल, म्हणजे ईआरसी, आपली 'स्टार्टिंग ग्रँट' साधारणतः सप्टेंबरच्या सुरुवातीला जाहीर करते. तरुण प्राध्यापकाला त्यातून पाच वर्षांसाठी १५ लाख युरोपर्यंत निधी मिळतो आणि त्यातला मोठा भाग संशोधक नेमण्यासाठीच असतो. ही यादी प्रसिद्ध झाली की त्यातील रसायनशास्त्राची नावे पाहा आणि त्याच आठवड्यात लिहा. जाहिरात निघते ती बऱ्याचदा त्यानंतर काही महिन्यांनी, आणि तोवर प्राध्यापकाच्या मनात दोन-तीन नावे आलेली असतात.

जाहिराती पाहणे सोडू नका, मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर रोज फिरण्याची गरज नाही. युरोपसाठी 'युरॅक्सेस' आणि ब्रिटनसाठी 'जॉब्स डॉट एसी डॉट यूके' येथे विषय नोंदवून ठेवला की नव्या जागा ईमेलवर येतात. प्रत्येक विषयाची आपली अशी जागाही असते. गणितात 'मॅथजॉब्स' आणि खगोलशास्त्रात अमेरिकन ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीची नोकऱ्यांची नोंदवही सर्वजण पाहतात. खगोलशास्त्रात तर १५ फेब्रुवारीपूर्वी उमेदवारावर होकारासाठी दबाव आणू नये, असा संकेत ठरलेला आहे. रसायनशास्त्रात असे ठरावीक वेळापत्रक नाही, जागा वर्षभर निघत राहतात, म्हणून ईमेलचे महत्त्व अधिक.

स्वतःच्या फेलोशिपसाठी दोन नावे तुमच्यासमोर ठेवतो. पहिली युरोपीय महासंघाची 'मारी क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिप'. तिची मुदत सहसा सप्टेंबरमध्ये संपते आणि निकाल फेब्रुवारीत लागतो. मुदतीच्या दिवशी पीएचडी झालेली असावी लागते, पीएचडीनंतरचा संशोधनाचा अनुभव आठ वर्षांहून अधिक नसावा लागतो, आणि ज्या देशात जायचे तिथे त्याआधीच्या ३६ महिन्यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त वास्तव्य झालेले नसावे लागते. राष्ट्रीयत्वाची अट नाही. २०२४ च्या फेरीत दहा हजारांहून अधिक अर्ज आले आणि सतराशेच्या आसपास निवडले गेले, म्हणजे सहांत एक. दुसरी जर्मनीतील हुम्बोल्ट फेलोशिप. तिला पीएचडीनंतर चार वर्षांच्या आत, वर्षभर केव्हाही अर्ज करता येतो आणि ती ६ ते २४ महिन्यांची असते. दोन्हींसाठी यजमान प्राध्यापकाची संमती आधी लागते, त्यामुळे वर सांगितलेल्या ईमेलपासून सुटका नाही. तुमच्या विषयासाठी बर्लिनमधील फ्रिट्झ हाबर संस्था अवश्य पाहा. उत्प्रेरकाच्या पृष्ठभागाचा अभ्यास हे तिथले जुने आणि मुख्य काम आहे.

जर्मनीत जाताना नेमणूक कोणत्या स्वरूपाची आहे हे विचारून घ्या. विद्यापीठाच्या नोकरीत बहुधा 'ई-१३' ही वेतनश्रेणी मिळते आणि तिच्यातून निवृत्तिवेतन, आरोग्यविमा व बेकारी विमा यांची वर्गणी जाते. हुम्बोल्ट फेलोशिप ही शिष्यवृत्ती असल्याने तिथे निवृत्तिवेतनाची वर्गणी नसते. दोन्ही मार्ग सन्मानाचेच आहेत, पण हाती येणारी रक्कम आणि भविष्याची तरतूद यांत फरक पडतो.

तुमच्या पत्रात न आलेली एक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रबंध जूनमध्ये सादर झाला, तरी आपल्या विद्यापीठांत परीक्षकांचे अहवाल येऊन व्हायव्हा, म्हणजे तोंडी परीक्षा, होईपर्यंत अनेकदा सहा महिने ते वर्ष उलटते. तसे झाल्यास येत्या सप्टेंबरची मारी क्युरीची फेरी तुमच्या हातून जाईल. म्हणून परीक्षकांची यादी सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाचा सारांश देण्याच्या, वेळीच मंजूर करून घ्या, पीएचडी विभागात दर महिन्याला जाऊन अहवालांची चौकशी करा, आणि व्हायव्हा झाल्याबरोबर पदवीची अधिसूचना व प्रोव्हिजनल प्रमाणपत्र मागून घ्या. हा कागद हातात नसल्याने रुजू होण्याची तारीख पुढे ढकलावी लागलेले अनेक विद्यार्थी मी पाहिले आहेत. मधल्या काळात प्रयोगशाळेपासून दूर राहू नका. पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि आयसर आहेत, आणि पीएचडी झालेल्यांना प्रकल्पांत रिसर्च असोसिएट म्हणून घेतले जाते. केंद्राने २०२३ मध्ये सुधारलेल्या दरांनुसार या पदाच्या पहिल्या श्रेणीला दरमहा ५८,००० रुपये आणि घरभाडेभत्ता मिळतो.

प्रश्न : वनस्पतिशास्त्रात २०१६ मध्ये माझी पीएचडी झाली. सह्याद्रीच्या सड्यांवरील, म्हणजे खडकाळ पठारांवरील, कंदीलपुष्पाच्या प्रजाती हा विषय होता. पुढे मुलीचा जन्म आणि सासूबाईंचे दीर्घ आजारपण यांमुळे संशोधन सहा-सात वर्षे पूर्ण थांबले. आता वय ३९ आहे. पुन्हा सुरुवात करायची आहे, परंतु प्रत्येक ठिकाणी वयोमर्यादा आडवी येते. आता फार उशीर झाला आहे का?
— कोल्हापूर

उत्तर : उशीर झालेला नाही, पण एक दार लवकरच बंद होणार आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करा. राष्ट्रीय पोस्टडॉक्टरल फेलोशिप, जी पूर्वी केंद्राचे विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ (एसईआरबी) देत असे आणि आता त्याच्या जागी आलेले अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान (एएनआरएफ) देते, तिची वयोमर्यादा ३५ असून स्त्रियांना पाच वर्षांची सूट आहे. म्हणजे चाळिशीपर्यंत तुम्ही पात्र आहात. अर्ज मागवल्याची सूचना निघण्याची वाट न पाहता मार्गदर्शक आजच ठरवा आणि प्रस्ताव लिहायला घ्या. त्याखेरीज केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या 'वाईज-किरण' कार्यक्रमात स्त्रियांसाठी स्वतंत्र पोस्टडॉक योजना आहे आणि तिची वयाची कक्षा २७ ते ६० अशी विस्तृत आहे. संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांना परत आणणे हा या कार्यक्रमामागचा जुना उद्देशच आहे. परदेशी जाणे शक्य असेल, तर मारी क्युरीच्या आठ वर्षांच्या मोजणीतून खंडाचा काळ वगळला जातो. त्यासाठी मुलीचा जन्मदाखला आणि रुग्णालयाची कागदपत्रे सांभाळून ठेवा.

परिचयपत्रात खंड लपवू नका. 'कौटुंबिक जबाबदारीमुळे खंड' एवढी ओळ सालांसह लिहावी आणि पुढे जावे. स्पष्टीकरणाचा परिच्छेद कोणी मागितलेला नाही.

प्रस्तावाविषयी मात्र सविस्तर सांगावेसे वाटते, कारण तुमचे खरे बळ तिथे आहे. पीएचडीच्या काळात तुम्ही कोणत्या सड्यावर, कोणत्या महिन्यात, किती झाडे मोजली याच्या नोंदी तुमच्याकडे आहेत आणि नमुन्यांची पाने हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, जमा आहेत. त्यानंतर दहा-बारा वर्षे लोटली. या काळात कित्येक सड्यांवर जांभा दगडाच्या खाणी, रस्ते आणि आंबा-काजूच्या बागा आल्या. त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी केली, तर काय टिकले आणि काय गेले हे पुराव्यानिशी सांगता येईल, आणि हे काम तुमच्याइतके नेमकेपणाने दुसरे कोणी करू शकणार नाही, कारण मूळ नोंदी तुमच्या आहेत. प्रस्तावाचे पहिले पान यावरच लिहा. शिवाजी विद्यापीठात कंदीलपुष्पांच्या संवर्धनाचे काम झालेले आहे आणि पुण्यात आघारकर संशोधन संस्था व भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आहे. त्यामुळे मार्गदर्शक शोधण्यासाठी तुम्हाला फार दूर जावे लागणार नाही. पहिल्या भेटीला जाताना जुनी क्षेत्रवही बरोबर न्या.

प्रश्न : अठराव्या शतकातील मराठवाड्याच्या महसूल व्यवस्थेवर मी मराठीतून प्रबंध लिहिला. मोडी वाचता येते. पोस्टडॉक ही विज्ञानवाल्यांचीच गोष्ट आहे, असे विभागात सांगितले जाते. इतिहासात अशा संधी असतात का?
— छत्रपती संभाजीनगर

उत्तर : असतात, मात्र संख्येने कमी आणि बहुतांशी फेलोशिपच्या रूपात असतात. इतिहासात प्रयोगशाळा नसल्याने प्राध्यापकाकडे माणसे नेमण्याइतका निधी क्वचितच असतो. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची म्हणजे आयसीएसएसआरची पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची असते. सिमल्याच्या राष्ट्रपती निवासातील भारतीय उच्च अध्ययन संस्था आपल्याच वास्तूत राहून ग्रंथ लिहिण्यासाठी फेलोशिप देते. प्रबंधाचे पुस्तक करून झाले असेल आणि नवा विषय मनात असेल, तर तिथे अर्ज करावा. परदेशासाठी ब्रिटिश अकॅडमीची आंतरराष्ट्रीय फेलोशिप आणि मारी क्युरी या दोन्ही मानव्यविद्यांना खुल्या आहेत. जर्मनीत ग्योटिंगेनचे आधुनिक भारत अध्ययन केंद्र आणि हायडलबर्गची दक्षिण आशिया संस्था येथे भारताच्या इतिहासावर काम चालते.

मोडीचा उल्लेख तुम्ही पत्रात ओघात केला आहे. अर्जात तो पहिल्या परिच्छेदात हवा. पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तरात आणि तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे ढीग आहेत आणि ते सरावाने वाचू शकणारे, शिवाय इतिहासाची पद्धत जाणणारे, संशोधक जगभरात थोडे आहेत. 'मी अमुक रुमालातील, म्हणजे दफ्तराच्या गाठोड्यातील, अमुक सालांचे जमाबंदीचे कागद वाचले असून त्यांतून असे दिसते' हे एक वाक्य निवड समितीला तुमची पात्रता सांगून जाईल. अडचण इंग्रजीची येईल, हे मी आडपडदा न ठेवता सांगतो. प्रबंधाचे किमान एक प्रकरण इंग्रजीत लेख म्हणून तयार करून मान्यताप्राप्त नियतकालिकाकडे पाठवा. त्याविना परदेशी परीक्षकाला तुमचे काम वाचताच येणार नाही आणि एवढी मेहनत त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही. भाषांतर दुसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा स्वतः लिहून जाणकाराकडून तपासून घेणे चांगले, कारण मुलाखतीत त्याच शब्दांत बोलावे लागते.

अध्यापनाच्या नोकरीसाठीही हा काळ वाया जात नाही. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत विद्यापीठातील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीचा जो तक्ता आहे, त्यात अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या प्रत्येक वर्षाला दोन याप्रमाणे दहापर्यंत गुण दिले आहेत.

प्रश्न : एका सल्लागार संस्थेने युरोपातील विद्यापीठात पोस्टडॉकची 'हमखास' जागा मिळवून देण्यासाठी दीड लाख रुपये मागितले आहेत. नेमणुकीचे पत्रही दाखवले. पैसे भरावेत का?
— नागपूर

उत्तर : भरू नयेत. कोणतेही विद्यापीठ पोस्टडॉकच्या जागेसाठी मध्यस्थामार्फत पैसे घेत नाही आणि मुलाखतीशिवाय नेमणूकही करत नाही. पत्रावर ज्या प्राध्यापकाचे नाव आहे, त्याचा ईमेल विद्यापीठाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः शोधा आणि पत्राची प्रत पाठवून थेट विचारा. पत्रातच दिलेल्या पत्त्यावर विचारणा करू नका. पैसे आधीच दिले असतील, तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवा.

प्रश्न : मुलाला अमेरिकेतील एका विद्यापीठात पोस्टडॉक मिळाले आहे. जे-१ व्हिसा आहे. ही नोकरी समजायची की शिक्षण? लग्न ठरवायचे आहे, त्यामुळे विचारतो. या व्हिसावर गेलेल्याला दोन वर्षे भारतात परत यावेच लागते, असे ऐकले. ते खरे का?
— वडील, जळगाव

उत्तर : मुलाचे अभिनंदन. पोस्टडॉक ही मुदतीची, पगारी संशोधनाची नेमणूक असते. ती पदवीचे शिक्षण नाही आणि कायम नोकरीही नाही. बहुधा एका वर्षाचे पत्र मिळते आणि काम व निधी पाहून ते वाढवले जाते. जे-१ व्हिसाच्या संशोधक वर्गात जास्तीत जास्त पाच वर्षे राहता येते, आणि तो कार्यक्रम एकदा संपला की त्याच वर्गात पुन्हा येण्यासाठी २४ महिने थांबावे लागते. म्हणून पहिली नेमणूक अर्धवट सोडून परतण्यापूर्वी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाचा सल्ला मुलाने अवश्य घ्यावा.

दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट सर्वांना लागू नसते. अमेरिकेने विशिष्ट कौशल्यांची देशवार यादी केली आहे आणि त्या यादीमुळे पूर्वी अनेक भारतीय संशोधकांना ही अट लागत असे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारताचे नाव वगळले गेले. मात्र निधी अमेरिकन किंवा भारतीय सरकारचा असेल, उदाहरणार्थ फुलब्राइट-नेहरू फेलोशिप, तर अट कायम राहते. मुलाच्या डीएस-२०१९ या कागदावर निधी कोणाचा आहे ते लिहिलेले असते, तेवढी ओळ पाहिली की उलगडा होईल. पुढे एच-१बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, जाण्याचा विचार असेल, तर सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने देशाबाहेरून केल्या जाणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावले आहे, आणि अर्जाच्या वेळी काय लागू आहे हे विद्यापीठाच्या कार्यालयाकडूनच समजून घ्यावे.

लग्नाविषयी एवढेच सांगतो, की जे-१ धारकाच्या पत्नीला जे-२ व्हिसा मिळतो आणि तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवाना हाती येण्यास काही महिने लागू शकतात आणि तोवर पोस्टडॉकच्या एका पगारात दोघांना राहावे लागते. भाडे आणि आरोग्यविमा वजा जाता त्या शहरात महिन्याकाठी काय उरते, याचा हिशेब मुलाने मांडावा आणि तो मुलीकडच्यांसमोर ठरवण्याच्या बैठकीतच ठेवावा.